तुळसक्कांची चोरी

तुळसक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या स्वतःच्याच घराच्या न्हाणीच्या खिडकीतून आत शिरत होत्या. भर सकाळ होती. पदर कमरेला खोचलेला, खांद्यावर घडी केलेलं कांबळं, दातांत छत्रीची मूठ, आणि वय साठीच्या पलीकडचं. फाटकाजवळच्या कट्ट्यावर मुलंमुली रांगेनं बसली होती आणि त्यांच्यापैकी एकालाही उठून बाईंना हात द्यावासा वाटत नव्हता. मी घाबरून म्हणालो, "अरे, त्या पडतील की." एका मुलानं तोंडावर बोट ठेवलं. "सर, परीक्षा चाललीय."

थोडा वेळ सगळं सामसूम. मग खिडकीतून आधी एक प्रेशर कुकर बाहेर आला, त्यामागून छत्री, आणि सगळ्यांत शेवटी बाई. कुकर त्यांनी कट्ट्यावर ठेवला, खोचलेला पदर सोडून घाम पुसला आणि जाहीर केलं, "आयितु. संपलं. सगळे नापास. घरातला कुकर गेला, आत भातसुद्धा आहे, आणि तुमची घंटा झोपलीय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही ते इंग्लिशचे नवे मेष्ट्रु, अल्वा? तेच ना? या. भात अजून गरम आहे."

मैसूरच्या चामराजपुरममध्ये एका पिठाच्या गिरणीवर आमची संस्था आहे. घरांना, दुकानांना चोराची आणि आगीची घंटा कशी बसवावी, कॅमेरे कसे लावावेत, हे तिथं शिकवतात. मला नेमलं होतं ते मुलांना कामापुरतं इंग्रजी आणि गिऱ्हाइकाशी बोलायची रीत शिकवायला. बाकीचं सगळं तुळसक्का शिकवायच्या. पूर्ण नाव तुळसाबाई जगताप, पण त्या नावानं त्यांना फक्त वीजबिलवाला ओळखत असे.

वर्गाची परीक्षा ही अशी. शिकून झालं की मुलांनी गिरणीला लागूनच असलेल्या अक्कांच्या घरात घंटा बसवायची आणि मग अक्का चोर होऊन येणार. घरातली एखादी वस्तू उचलून त्या न सापडता बाहेर पडल्या की मुलं नापास. घंटा विनाकारण वाजली, म्हणजे मांजर गेलं, वारा आला, दूधवाल्यानं कडी वाजवली आणि ती बोंबलली, तरीही नापास. तीन वेळा संधी मिळायची. "आधी मला धरा, मग सही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. पहिल्या खेपेला त्यांना कोणत्याच तुकडीनं धरलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्या भाजीवालीलासुद्धा ऐकवायच्या. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या खेपेला, चुका सुधारून, रडतखडत मुलं पास होत.

अंबाड्यात मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा गजरा आणि त्या गजऱ्यातच खोचलेला टेस्टर, असा त्यांचा अवतार असे. टेस्टर शोधताना हात आपोआप डोक्याकडे जायचा आणि बोटांना फुलांचा वास लागायचा. त्यांनी तपासलेल्या जोडण्यांनाही तो लागत असेल, असं मी एकदा गमतीनं म्हणालो, तर म्हणाल्या, "मग? माझी जोडणी ओळखू यायला नको?" नम्रपणा त्यांच्या वाट्याला फारसा आलाच नव्हता, आणि त्याची उणीव त्यांना कधी भासली असंही मला वाटत नाही.

अभिमान मात्र घराण्याचा होता. त्यांचे पूर्वज मैसूरच्या महाराजांच्या फौजेत होते, आमचे रंगारी. दोघांच्याही घरची मराठी पिढ्यान्‌पिढ्या कानडीत बुडवून काढलेली. पण मी मराठी माणूस आहे हे कळल्यापासून त्या मला रोज एकदा तरी टोचायच्या. "मेष्ट्रे, आमचे पणजोबा वाड्याच्या दारात भाला घेऊन उभे राहायचे. तुमचे पणजोबा आतल्या बायकांची लुगडी रंगवायचे. म्हणून मी राखण शिकवते आणि तुम्ही गोड बोलायला शिकवता." मी म्हणायचो, लुगडी नसती तर वाड्यात राखायला होतं काय? यावर त्या खूश होऊन कॉफी करायच्या. भांडणाला तोडीचा माणूस मिळाला की त्यांचा दिवस चांगला जाई.

वर्गात त्यांचा एक पाढा होता. घंटेच्या पेटीपासून निघणाऱ्या प्रत्येक तारेच्या टोकाला मिरीएवढा एक तुकडा जोडतात. तो टोकाशी असला म्हणजेच तार शेवटपर्यंत शाबूत असल्याचं पेटीला कळतं. आळशी माणूस टोकापर्यंत जात नाही, पेटीशेजारीच तो जोडून मोकळा होतो. पेटी समाधानात राहते, आणि पुढची तार कुणी कापली, दाबली तरी तिला पत्ता नसतो. अक्का त्या तुकड्याला दाणा म्हणायच्या. सकाळी वर्गात शिरल्या शिरल्या विचारायच्या, "दाणा कुठं?" आणि सगळा वर्ग म्हणायचा, "टोकाला." खाली गिरणीवाला दळता दळता हसायचा. पुढं पुढं तोही आपल्या गड्याला विचारू लागला होता, पीठ पोचवून आलास का, दाणा कुठं?

दुसरी सवय त्याहून विचित्र. तारेला हात लावायच्या आधी त्या मुलांना घरात नुसतं बसवायच्या. अख्खी सकाळ. फोन नाही, वही नाही. "सुम्मे बसा," म्हणायच्या. सुम्मे म्हणजे उगीच, काही न करता. घर कसं जगतं ते बघायचं. ऊन कुठून कुठं सरकतं, मांजर कुठून उडी मारतं, आजी कुठं हात टेकून उठते, शुक्रवारी धूप घातला की धूर कुठल्या बाजूला वळतो. मुलांना हे अतिशय कंटाळवाणं वाटायचं. काही तिथेच पेंगायची. मी एकदा त्यांची बाजू घेऊन म्हणालो की कंपन्यांकडे घराचा नकाशा असतो, त्यावरून जागा ठरवता येते. अक्का म्हणाल्या, "नकाशात मांजर असतं का?"

या बसण्याचा प्रताप मी मैसूरच्याच गोकुलम भागात पाहिला. तिथं एका योगशाळेत आगीची घंटा रोज सकाळी वाजायची. परदेशी शिष्य श्वास रोखून बसलेले आणि वरून ही किंकाळी. शेवटी कंटाळून तिथल्या व्यवस्थापकांनी छतावरच्या धूर हुंगणाऱ्या वाटीला हॉटेलात मिळते तशी अंघोळीची प्लास्टिकची टोपी घातली होती. घंटा शांत झाली, शिष्यही शांत झाले. तपासणीचं काम आमच्याकडे आलं तेव्हा इंग्रजी बोलायला म्हणून अक्कांनी मला बरोबर घेतलं. ती टोपी पाहून त्यांचा चेहरा असा झाला की मी दोन पावलं मागं सरलो.

पण त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, उद्या सकाळच्या वर्गाला मी बसू का? दुसऱ्या दिवशी त्या खरोखरच गेल्या, जरीकाठाच्या सुती साडीत, गजरा माळून. आसनं त्यांनी आपल्या अंदाजानं केली. शेवटी सगळे शवासनात डोळे मिटून पडले, एकट्या अक्का डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडल्या. गुरूंनी हळूच डोळे मिटायला सांगितलं तर म्हणाल्या, "तुमचे मिटा. मी कामावर आहे." पडल्या पडल्या त्यांना दिसलं की कोपऱ्यातल्या उदबत्तीचा धूर पंख्याच्या वाऱ्यावर सरळ त्या वाटीत जातोय. उदबत्तीचं घर खिडकीपाशी हलवलं, टोपी काढली, घंटा पुन्हा कधी उगीच वाजली नाही. निघताना मला भाषांतर करायला लावून त्यांनी व्यवस्थापकांना सांगितलं की कानात बोळे घालून झोपलेल्या माणसाला राखणदार म्हणत नाहीत. मी ते जरा मवाळ करून सांगितलं. त्यांना इंग्रजी येत नसलं तरी मवाळपणा कळायचा. "मेष्ट्रे, सगळं सांगितलं नाही तुम्ही," त्या रिक्षात म्हणाल्या. ती टोपी त्यांनी पिशवीत घालून आणली आणि वर्गात खिळ्याला अडकवून ठेवली.

खोटी घंटा हा त्यांचा वैरी होता. चोराबद्दल त्या इतक्या तिखट कधी बोलल्या नाहीत. चोर म्हणजे काय, पोट भरायला येतो, असंच त्यांचं बोलणं. पण उगीच वाजणाऱ्या घंटेचं नाव काढलं की त्यांचा आवाज बदलायचा. यामागं काहीतरी आहे एवढं मला कळत होतं. विचारलं मात्र मंजुळानं.

मंजुळा बन्नूरची. वडिलांचा ऊस आणि भात. ती रोज बसनं मैसूरला यायची आणि संध्याकाळी परत जायची. माझ्या वर्गात ती अगदीच सामान्य. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून हसावं असं मी शिकवायचो आणि ती पायांच्या अंगठ्यांकडे बघून हसायची. पण सुम्मे बसण्यात तिचा हात कुणी धरला नसता. बाकीची चुळबुळायची, ही भिंतीला टेकून तासन्‌तास बसायची आणि तिचे डोळे घरभर फिरत असायचे. ऊस राखायला मचाणावर बसलेल्या माणसाला बसणं शिकवावं लागत नाही, असं अक्का म्हणायच्या.

अक्कांच्या बैठकीच्या भिंतीवर एका लाकडी पाटीवर पितळेचा एक बिल्ला टांगलेला असे. तळहाताएवढा, जुना, चकचकीत घासलेला. घरासमोरच्या रस्त्यावरून बस गेली की भिंत हादरायची आणि बिल्ला खिळ्यावर वाकडा व्हायचा. अक्का जिथं असतील तिथून यायच्या, तो काढायच्या, पदरानं पुसायच्या आणि सरळ टांगायच्या. बोलणं न थांबवता. मी हे इतक्या वेळा पाहिलं होतं की मला ते दिसेनासं झालं होतं. मंजुळानं मात्र एकदा कानडीत विचारलं, "अक्का, तो कुणाचा?" मी कॉफी पीत बसलो होतो. अक्का सांगायला लागल्या.

बिल्ला त्यांच्या वडिलांचा. अप्पा एका रेशमी साड्यांच्या दुकानावर पहारेकरी होते. फौजेतल्या घराण्याचा माणूस, बिल्ला लावून उभा राहिला की गिऱ्हाईक आधी त्यालाच नमस्कार करायचं. दुकानात नवी घंटा आली. ती उंदरांना बघून वाजायची. रोज वाजायची. मालक वैतागला, त्यानंच ती बंद करून टाकली, आणि त्याच महिन्यात मागच्या बाजूनं चोरी झाली. पुढच्या दारावर अप्पा होते, त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. ऐकू कुठून येणार? पण सगळ्या गावानं त्यांनाच विचारलं की तुम्ही काय करत होतात. पोलिसांनी दोन दिवसांत सोडलं, मालकानंही माफी मागितली. तरी अप्पांनी काम सोडलं. पहाऱ्याचे कपडे परत केले, बिल्ला मात्र दिला नाही. पुढं मरेपर्यंत ते त्याला दर शुक्रवारी चिंचेनं घासायचे आणि परत पेटीत ठेवायचे. लावला कधीच नाही.

"त्यांना चोराचा राग नव्हता," अक्का म्हणाल्या. "त्या घंटेचा होता. म्हणायचे, तुळसा, ती खोटं बोलली आणि मी खोटा ठरलो." मग त्यांनी मंजुळाला विचारलं, तू कॉफी घेणार का? आणि आत गेल्या. मला इतकी वर्षं जे विचारायचं सुचलं नाही ते त्या मुलीनं दोन शब्दांत विचारलं, आणि मला तिचं कौतुकच वाटलं.

त्याच दिवसांत संस्थेला नवे संचालक आले, बेंगळुरूहून. तरुण, सभ्य, बोलणं मऊ. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कंपन्यांना माणसं लवकर हवीत. परीक्षा संगणकावर घेऊ, प्रश्नांची उत्तरं दिली की लगेच प्रमाणपत्र. साठी उलटलेल्या बाईंनी खिडकीतून उड्या मारायच्या, उद्या कंबर मोडली तर जबाबदार कोण? अक्का सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "एकदा येऊन बघा, सार. मग मोडा." ते कबूल झाले, पण त्यांनीही अट घातली. मुलांनी यांना पहिल्याच खेपेला धरलं तर या परीक्षेनं काही शिकवलं असं मी मानेन. नाहीतर या तुकडीपासून संगणक.

पहिल्या खेपेला त्यांना कुणी कधीच धरलं नव्हतं, हे आम्ही सगळे जाणून होतो. अक्कांनीच ते गावभर सांगून ठेवलं होतं. परीक्षा गेली तर सुम्मे बसणं जाणार, टोकाचा दाणा जाणार, उद्या कुणीही पेटीशेजारी तुकडा जोडून हातात प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणार. ती पोरं बसवतील त्या घंटा वाजतील आणि बंद केल्या जातील, आणि कुठल्यातरी दारावर कुणाचा तरी बाप उभा असेल. अक्का हे बोलल्या नाहीत. पण त्या दिवसांत त्या गजरा माळायला विसरायच्या.

मला राहवलं नाही. मी त्यांना एकटं गाठून म्हणालो, "अक्का, या खेपेला जरा सापडा की. एखादं दार जोरात लोटा. कुणाला कळणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी कॉफी थंड झाली. "म्हणजे मीच खोटी घंटा वाजवू? अप्पांच्या घरात?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मेष्ट्रे, ही पोरं मला खरोखर धरत नसतील तर माझी परीक्षा जाऊ दे. तिचा उपयोग काय मग?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कांबळं काढून उन्हात टाकलेलं मी पाहिलं, आणि मला कळलं की आता त्या पूर्ण ताकदीनं चोरी करणार.

परीक्षेच्या सकाळी संचालक कट्ट्यावर खुर्ची टाकून बसले, मांडीवर लॅपटॉप. घरात कॅमेरे होते, ते त्यावर दिसत होते. कॅमेऱ्यात दिसलं म्हणजे सापडलं असं मात्र नव्हतं. कॅमेरा चोर गेल्यावर कामाला येतो, घंटा चोर असताना, हा अक्कांचा नियम. मुलं रांगेनं बसली. मंजुळा सगळ्यांत शेवटी, अंगठ्यांकडे बघत.

दारं, खिडक्या, कपाट, सगळीकडे मुलांनी चांगलं काम केलं होतं. न्हाणीच्या खिडकीलाही. अक्का त्या बाजूला गेल्याच नाहीत. त्या कौलांवरून चढल्या, माळ्याच्या झरोक्यातून उतरल्या, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर एक उघडी छत्री दिसायला लागली. छत्रीवर कांबळं पांघरलेलं, आणि ते सगळं मिळून गोगलगाईच्या गतीनं बैठकीतून सरकत होतं. कोपऱ्यातला डोळा माणसाच्या अंगाची ऊब हललेली टिपतो. ऊब कांबळ्याआड, आणि चाल इतकी सावकाश, की डोळ्याला काही कळेना. संचालक पुढं वाकले. "हे असं कुणी करतं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "आमच्यात करतात."

छत्री स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा तिच्याखाली मिक्सरचं भांडं होतं. घंटा गप्प. मुलांचे चेहरे उतरले. एक मुलगा हलकेच म्हणाला, झालं. माळ्याची शिडी आता चार पावलांवर होती.

तेवढ्यात आमच्या पाठीमागून बस गेली.

पडद्यावर बिल्ला वाकडा झालेला दिसला. छत्री थांबली. मग पुढं सरकली. पुन्हा थांबली. आणि मग, ज्यांना आजवर कुणी पहिल्या खेपेला धरलं नव्हतं त्या तुळसक्का, तितक्याच सावकाश मागं वळल्या. मिक्सरचं भांडं त्यांनी जमिनीवर ठेवलं. छत्रीचा दांडा मानेत धरला. कांबळ्याआडून एक हात बाहेर आला, त्यानं बिल्ला खिळ्यावरून उचलला, दुसऱ्या हातानं पदर शोधला.

घंटा अशी वाजली की गिरणीवाला धावत आला.

आम्ही आत गेलो तेव्हा अक्का तशाच उभ्या होत्या. छत्री खाली पडली होती. घंटा कुणीतरी बंद केली. त्यांनी बिल्ला उलटा करून पाहिला. मागं मधोमध एक चपटं लोहचुंबक चिकटवलेलं होतं, आणि पाटीवर त्याच्या समोर, खिळ्याच्या खालीच, ते ओळखणारी छोटी नळी, अक्का सकाळी घराबाहेर पडल्यावर बसवलेली.

"कुणाचं काम?"

मंजुळा पुढं आली. पुढचं बोलणं कानडीत झालं.

"बस गेली की हा वाकडा होतो. मग घंटा उगीच वाजेल."

"नाही वाजत. वाकडा झाला तरी खिळ्यापाशी तो जागच्या जागी फिरतो, चुंबक लांब जात नाही. उचलला तरच वाजते. मी बसून बघितलंय, अक्का. कितीतरी बस गेल्या."

"मांजर?"

"तुमचं मांजर या भिंतीकडे येत नाही."

"दाणा कुठं?"

"टोकाला. याच पाटीच्या मागं."

अक्कांनी पाटी हलवून मागं बघितलं. तिथं तो होता. संचालकांनी सभ्यपणे शंका काढली. खरा चोर काही भिंतीवरचा बिल्ला पुसायला थांबणार नाही, तेव्हा याला पास म्हणायचं का?

"सार," अक्का म्हणाल्या, "कपाट सगळेच राखतात. या घरातनं काय गेलं तर मी मरेन, हे आजवर एकानं विचारलं नाही. हिनं विचारलं. आणि राखलं." पदर आधीच हातात होता, त्यानं त्यांनी आधी बिल्ला पुसला आणि मग डोळे. "धरलं मला. खरंच धरलं," त्या म्हणाल्या. एवढा आनंद मी कुठल्याही जिंकलेल्या माणसाच्या तोंडावर पाहिलेला नाही. मला स्वतःलाही इतका अभिमान वाटला की क्षणभर मीच फौजेतल्या घराण्यातला असल्यासारखा ताठ झालो.

संचालकांनी वाकून पाटीमागचा तो दाणा पाहिला. मग लॅपटॉप मिटून म्हणाले, "इरली." राहू दे. परीक्षा राहिली. सगळ्या तुकडीच्या कागदांवर अक्कांनी तिथल्या तिथं सह्या केल्या, कुकरच्या झाकणावर कागद टेकवून, आणि मंजुळाच्या कागदावर सही करताना मराठीत पुटपुटल्या, "अप्पांच्या वेळी ही कुठं होती." मंजुळाला मराठी येत नाही. मी तिला ते सांगितलं, आणि या वेळी काही मवाळ केलं नाही.

पुढच्या वर्षी अक्कांचे गुडघे गेले. कौलांवर चढणं बंद झालं. पण परीक्षेला चोर हवाच. अक्कांनी कांबळं आणि छत्री मंजुळाला दिली. मंजुळाचं तोवर बन्नूरला स्वतःचं लहानसं दुकान झालं होतं, तरी परीक्षेला ती बसनं येते आणि अक्कांहून वाईट चोरी करते, म्हणजे मुलांच्या दृष्टीनं वाईट. गेल्या खेपेला तिनं घरातला फ्रिजच जागेवरून हलवला. इंग्रजीत ती अजून अंगठ्यांकडे बघूनच हसते, आणि गिऱ्हाइकं तिच्याचकडे जातात, तेव्हा माझ्या शिकवण्याविषयी मी फार बोलत नाही.

अक्का जाण्याच्या आठवडाभर आधी मी त्यांना भेटायला गेलो होतो. त्या बैठकीत खुर्चीवर होत्या, अंबाड्यात गजरा, टेस्टर तिथंच. नव्या तुकडीच्या तक्रारी सांगत होत्या, पोरं सुम्मे बसताना फोन बघतात म्हणून. बिल्ला भिंतीवर, मागची नळी आणि चुंबक तसंच. ते त्यांनी काढू दिलं नव्हतं. घंटा चालू होती, दिवसाही.

बोलता बोलता बस गेली. भिंत हादरली आणि बिल्ला वाकडा झाला. अक्कांचं बोलणं थांबलं. गुडघ्यांवर हात टेकून त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या, सवयीनं हात वर गेला. तिथंच तो थांबला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि पदर नीट केला.

मी म्हणालो, "थांबा, मी घंटा बंद करतो. मग पुसा."

"नको, मेष्ट्रे. असू दे वाकडा," त्या म्हणाल्या. "अप्पा पहाऱ्यावर आहेत."